दहीहंडी, पाऊस आणि वर बघणारी लेन्स

पावसात फोटो काढायचे म्हटलं की सल्ला ठरलेला: हूड (लेन्सच्या तोंडावरची आडोशाची कडा) लावा, आणि शॉट नसेल तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा. उपवन तलावाच्या काठावर हे पुरतं. दहीहंडीला ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण बघण्यासारखं सगळं वरच असतं. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 साली ठाण्यात लावलेले नऊ थर 13 मीटरच्या पुढे गेले होते. एवढी उंची जवळून फ्रेममध्ये घ्यायची तर वाइड लेन्स लागते. तिचा हूड जेमतेम बोटभर, आणि काच थेट आभाळाकडे. वरून पाऊस, बाजूने टँकरच्या पाइपाचा फवारा.

म्हणून मी मागे सरकते. दुकानाची शेड चालते, पण खरी मजा पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत. ओळखीच्या एका काकूंना आदल्या दिवशीच विचारून ठेवते. "ये गं, पण ओल्या चपला बाहेर," एवढीच त्यांची अट. तिथून 70-200 मिमीची टेलेलेन्स लावली की मान फार वर करावी लागत नाही आणि लांब हूड खरोखर आडोसा करतो. शिवाय टेलेवर f/2.8 ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक) मोठं उघडं असताना, काचेवर थेंब पडला तरी तो थेंब म्हणून दिसत नाही, फोटो तेवढ्यापुरता किंचित धुरकट होतो. वाइडवर f/11 ला, म्हणजे ते भोक लहान असताना, तोच थेंब एक्क्याच्या, म्हणजे सगळ्यात वर चढलेल्या गोविंदाच्या, तोंडावर बुडबुड्यासारखा बसतो. गर्दीत वाइडच वापरायची असेल तर अ‍ॅपर्चर उघडं ठेवा.

आता पुसण्याबद्दल. ओढणी, टीशर्ट, रुमाल, काहीही नको! आधी ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा रबरी फुगा. मोठे थेंब हवेनेच उडतात. उरलेलं मायक्रोफायबरने टिपायचं, घासायचं नाही. घासलं की पाण्याचा पातळ थर पसरतो, आणि संध्याकाळी हॅलोजन लागले की तो साध्या थेंबापेक्षा जास्त त्रास देतो. त्याआधी हात कोरडे करा. कॅमेरा वर धरला की पाणी मनगटावरून कोपराकडे जातं, हात खाली आला की तेच बोटांवर उतरतं आणि तिथून कापडात. मी गळ्यात एक नॅपकिन फक्त हातांसाठी अडकवते. लेन्सची कापडं वेगळ्या झिपच्या पिशव्यांत, आणि भिजलेलं कापड परत त्या पिशवीत जात नाही.

यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावायची जादा काच, एरवी मला पटत नाही, पण या दिवशी लावते, बिनधास्त पुसता येतो म्हणून. कॅननच्या एल या महागड्या मालिकेतल्या काही लेन्सना तर पाण्यापासून पूर्ण बचावासाठी पुढे फिल्टर लावा, असं कंपनीच सांगते. दिवे लागले की मात्र काढते. त्यात हॅलोजनची भुतं, म्हणजे दिव्यांची खोटी प्रतिबिंबं, उमटतात.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवेतलं बाष्प जमतं, पुसलं तरी परत येतं. अर्धा तास बॅगेची चेन बंद राहू दे. घरी गेल्यावर उलट: बॅग लगेच रिकामी करायची, हूड आणि पट्टा पंख्याखाली, लेन्स वरून कोरडी करून सिलिका जेलच्या डब्यात. ओल्या बॅगेत राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि ती आत गेली की मग रिपेअरवाल्याचं बिल.