वहिवाटीने हक्क न मिळणारी भूमी

सिंधुदुर्गात तीस वर्षे दिवाणी वकिली केल्यावर जमिनीचा कोणताही कागद हाती आला, की सातबाऱ्यावर नाव कोणाचे, प्रत्यक्ष वहिवाट कोणाची आणि ती किती वर्षे बिनहरकत चालू आहे, हे तीन प्रश्न मनात आधी उभे राहतात. गेल्या पावसाळ्यात मी १९५९ चा अंटार्क्टिका करार प्रथमच मुळातून, कलमवार वाचला आणि तोही याच सवयीने वाचला. करार अवघ्या १४ कलमांचा आहे. त्यातल्या चौथ्या कलमापाशी मी थांबलो, कारण जमिनीच्या मालकीविषयी इतक्या जपून लिहिलेला मजकूर माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मालकीचा निकाल न देताच या कलमाने सहा दशकांहून अधिक काळ एका संपूर्ण खंडावर शांतता राखली आहे. हे कसे घडले आणि त्यात आपल्या देशाने आधी बाहेर राहून व नंतर आत जाऊन काय केले, याविषयी मला लिहायचे आहे.

वाद काय होता ते आधी पाहू. अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. तिथे मूळ रहिवासी कधीच नव्हते. ब्रिटनने १९०८ साली पहिला दावा मांडला आणि पुढच्या चार दशकांत न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना यांनीही नकाशावर आपापल्या रेघा ओढल्या. एकट्या ऑस्ट्रेलियाचा दावा खंडाच्या सुमारे ४२ टक्के भागावर आहे. बहुतेक दाव्यांचे बांध एकमेकांना खेटून असले तरी ओलांडलेले नव्हते. खरा पेच अंटार्क्टिक द्वीपकल्पावर होता, जिथे ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली या तिघांनीही तीच जमीन आपली म्हटली होती. फेब्रुवारी १९५२ मध्ये होप बे येथे उतरणाऱ्या ब्रिटिश तुकडीच्या डोक्यांवरून अर्जेंटिनाच्या लोकांनी मशीनगन चालवली. १९५५ साली ब्रिटनने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. अर्जेंटिना आणि चिली यांनी न्यायालयाचा अधिकारच मान्य केला नाही आणि पुढच्या वर्षी प्रकरण पटावरून काढून टाकण्यात आले. याशिवाय अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे दोन बलाढ्य देश होतेच. ते स्वतः दावा सांगत नव्हते, दुसऱ्याचा मानत नव्हते आणि पुढे दावा सांगण्याचा हक्क मात्र राखून होते.

अशा स्थितीत चौथे कलम लिहिले गेले. त्याचा आशय माझ्या व्यवसायाच्या भाषेत असा होतो: या करारावर सही केल्याने दावेदाराने आपला दावा सोडला असे होत नाही, ज्याने तो दावा मानला नव्हता, त्याने आता तो मानला असेही होत नाही, आणि करार अमलात असेपर्यंत तिथे कोणीही काहीही केले, तरी ते कृत्य दावा सांगण्यास, टिकवण्यास किंवा नाकारण्यास आधार होणार नाही. नवा दावा करता येणार नाही आणि असलेला वाढवता येणार नाही. आपल्याकडे न्यायालय ‘जैसे थे’चा हुकूम देते तेव्हाही पक्षकार काहीतरी करून ठेवतात, एखादे कुंपण सरकवतात, चार माड लावतात, कारण बारा वर्षांच्या बिनहरकत वहिवाटीला पुढे किंमत येते हे त्यांना ठाऊक असते. चौथ्या कलमाने वहिवाटीची किंमतच शून्य करून टाकली. १९७८ साली अर्जेंटिनाच्या एस्पेरान्सा तळावर एका बाळाचा जन्म झाला. हा तळ म्हणजे गोळीबार झाला ते होप बेच. प्रसूतीसाठी मातेला मुद्दाम तिथे नेण्यामागे आपला हक्क बळकट करण्याचा हेतू होता. कराराच्या दृष्टीने त्या जन्माने दाव्यात कणभरही भर पडली नाही. एखादे प्रकरण भिजत घोंगडे होऊन पडले असे आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. इथे बारा देशांनी विचारपूर्वक, सह्यांनिशी घोंगडे भिजत ठेवले, आणि मला ते शहाणपणाचे वाटते.

परंतु हा सगळा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात सर्वप्रथम भारताने नेला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. फेब्रुवारी १९५६ मध्ये संघातील भारताचे कायम प्रतिनिधी आर्थर लाल यांनी आमसभेच्या अकराव्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेत अंटार्क्टिकाचा प्रश्न घ्यावा, अशी विनंती केली. त्या खंडाचा वापर केवळ शांततेसाठी आणि सर्वांच्या कल्याणासाठी व्हावा, असे भारताचे म्हणणे होते. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षेही न झालेल्या, तिथे एकही माणूस न पाठवलेल्या देशाने हा विषय काढावा याचे अनेकांना आश्चर्य वाटले आणि अर्जेंटिना व चिली यांना तर राग आला. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत निर्मनुष्य प्रदेशात अणुचाचण्या होऊ शकतात, ही नेहरूंची मुख्य चिंता होती. पुढे १९५८ साली लोकसभेत बोलताना, आपण कोणाच्या हक्कांना आव्हान देत नाही, अण्वस्त्रांच्या संभाव्य प्रयोगांमुळे या प्रदेशाचा विचार संयुक्त राष्ट्रसंघाने करावा एवढेच आपले मागणे आहे, असे त्यांनी स्पष्ट केले होते.

१९५६ च्या अखेरीस सुएझ कालवा आणि हंगेरी इथल्या संकटांनी आमसभा व्यापून टाकली, लॅटिन अमेरिकी देशांचा विरोध कायम राहिला आणि भारताने विषय मागे घेतला. १९५८ साली तो पुन्हा मांडला आणि पुन्हा रेटला नाही. कारण तोवर दुसरीकडे पान उलटले होते. जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात बारा देशांच्या वैज्ञानिकांनी अंटार्क्टिकात शेजारी शेजारी काम केले होते. मे १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इतर अकरा देशांना कराराचे निमंत्रण दिले. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये वर्षभराहून अधिक काळ बंद दाराआड साठ पूर्वतयारीच्या बैठका झाल्या, मग ऑक्टोबर १९५९ मध्ये परिषद भरली आणि १ डिसेंबरला सह्या झाल्या. भूभौतिक वर्षात जो अंटार्क्टिकात होता त्यालाच निमंत्रण, असा निकष असल्याने भारत बाहेर राहिला आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आत गेली.

या परिषदेतली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. अणुस्फोटांवर सरसकट बंदी घालावी हा आग्रह अर्जेंटिनाने धरला. शांततामय कारणांसाठीचे स्फोट मोकळे ठेवावेत असा अमेरिकेचा कल होता, पण दक्षिण गोलार्धातल्या देशांनी तो मानला नाही आणि अणुस्फोट व किरणोत्सर्गी कचरा या दोन्हींना मनाई करणारे पाचवे कलम झाले. ज्या भयाने भारताने १९५६ साली विषय काढला होता त्याचेच निवारण या कलमाने झाले, आणि ते भारताला सर्वाधिक विरोध करणाऱ्या देशाच्या हातून झाले. मागे घेतलेला अर्ज फुकट गेला, असे म्हणूनच मला वाटत नाही. आपण आपसांत मिटवले नाही तर हा प्रश्न आमसभेत जाईल, ही जाणीव त्या साठ बैठकांना बसलेल्या प्रत्येकाला होती.

करार २३ जून १९६१ रोजी अमलात आला. ६० अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या खालचा सारा प्रदेश त्यात येतो, लष्करी तळ व सराव यांना बंदी आहे आणि निर्णयाचा अधिकार असलेल्या कोणत्याही सदस्य देशाचे निरीक्षक दुसऱ्याच्या तळावर केव्हाही जाऊ शकतात. पुढची दोन दशके शांततेत गेली.

भारत परत आला तो वेगळ्या वाटेने. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून फारसा गाजावाजा न करता निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. मी तेव्हा शाळेत होतो; बातमी ऐकून आमच्या गुरुजींनी भिंतीवरचा जगाचा नकाशा खाली उतरवून आम्हाला मुरगावपासून सरळ दक्षिणेला बोट फिरवायला लावले होते आणि बोट कुठेही जमिनीला न लागता थेट बर्फावर जाऊन थांबले होते. ही मोहीम जिथे उतरली तो क्वीन मॉड लँडचा भाग नॉर्वेच्या दाव्यात येतो, आणि मोहिमेचे ‘पोलर सर्कल’ हे भाड्याचे जहाजही नॉर्वेचेच होते. भारताने नॉर्वेकडे परवानगी मागण्याचा प्रश्न आला नाही आणि नॉर्वेने हरकत घेण्याचाही आला नाही.

आता १९८३ हे वर्ष बारकाईने पाहावे लागते. आदल्या वर्षी मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी आमसभेत जोरकस मागणी केली होती, की अंटार्क्टिका ही काही मोजक्या देशांची मिरास नव्हे, तिचा कारभार सर्व मानवजातीच्या वतीने व्हावा. मार्च १९८३ मध्ये दिल्लीत झालेल्या अलिप्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यातही अंटार्क्टिकाचा उल्लेख आला. यजमान अर्थातच भारत होता. त्यानंतर पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, भारताने अंटार्क्टिका करार स्वीकारला आणि १२ सप्टेंबरला, म्हणजे महिन्याच्या आत, ब्राझीलबरोबर त्याला निर्णयाचा अधिकार असलेले सल्लागार सदस्यत्व मिळाले. हाच दर्जा मिळवण्यासाठी पोलंडला १९६१ पासून १९७७ पर्यंत थांबावे लागले होते. भारताचे दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र तर अजून उभे राहायचे होते. एवढ्या तत्परतेचे कारण उघड आहे. श्रीमंतांचे मंडळ हा आरोप खोडून काढायला जुन्या सदस्यांना दोन मोठे विकसनशील देश हवे होते, आणि भारतालाही बाहेर राहून ठराव मांडण्यापेक्षा आत बसून मत देणे अधिक मोलाचे वाटत होते. त्याच वर्षी मलेशियाने विषय आमसभेच्या पटावर आणला, तेव्हा भारत दुसऱ्या बाजूला बसला होता.

यात भारताने तत्त्व सोडले काय, या प्रश्नावर मी बराच विचार केला. माझे मत असे आहे, की आत जाणे योग्य होते, पण १९५६ सालचा आपला युक्तिवाद आपण जुन्या फायलीत बांधून ठेवला ते योग्य नव्हते. करार चांगला चालतो हे खरे, मात्र तिथे मत देण्याचा अधिकार खर्चीक मोहिमा करू शकणाऱ्यालाच मिळतो, आणि बर्फ वितळल्याने ज्यांची बेटे बुडतील त्यांतल्या बहुतेकांना तो नाही. हे आत बसलेल्या भारताने सांगितले असते, तर त्याला वजन आले असते. मलेशियाने स्वतः २०११ साली करार स्वीकारला. ज्याने अर्ज केला तोही अखेर त्याच घरात गेला.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी कसोटी खनिजांच्या प्रश्नावर लागली. सहा वर्षांच्या वाटाघाटींनंतर जून १९८८ मध्ये वेलिंग्टन येथे खाणकामाचे नियमन करणारा मसुदा संमत झाला. पुढच्या जानेवारीत अर्जेंटिनाचे ‘बाहिया पराइसो’ हे जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ खडकावर आपटून तेल सांडले, मार्चमध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटले, आणि ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनी आपण मसुद्याला मान्यता देणार नसल्याचे जाहीर केले. एकही दावेदार बाहेर राहिला तरी मसुदा अमलात येणार नव्हता. अवघ्या दोन वर्षांत त्याच देशांनी उलट दिशेने वाटाघाटी करून ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाच्या जोडकरारावर सह्या केल्या. त्याच्या सातव्या कलमात एकच लहान वाक्य आहे: वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांसंबंधी कोणत्याही हालचालीला मनाई. संमत झालेला मसुदा बाजूला सारून अधिक कडक मसुदा स्वीकारण्याचे धैर्य आंतरराष्ट्रीय व्यवहारात फार क्वचित दिसते, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

२०४८ साली हा करार संपणार आणि मग खाणकामाला रान मोकळे होणार, असे अलीकडे वारंवार वाचायला मिळते. ते चुकीचे आहे. मूळ कराराला मुदतच नाही. जोडकरार १४ जानेवारी १९९८ रोजी अमलात आला आणि त्यानंतर ५० वर्षांनी कोणताही सल्लागार सदस्य आढावा परिषद मागू शकतो, एवढाच २०४८ चा अर्थ आहे. तिथेही खाणबंदी उठवायची तर पर्यायी बंधनकारक नियमव्यवस्था आधी अमलात असावी लागेल. अर्थात, मान्य झालेली दुरुस्ती तीन वर्षांत अमलात आली नाही, तर जोडकरारातून बाहेर पडण्याची सूचना देण्याची एक वाट तिथे ठेवलेली आहे, आणि वकील म्हणून माझी नजर त्या वाटेवरून हटत नाही.

आजची अडचण निराळी आहे. २९ सल्लागार सदस्यांपैकी एकानेही नकार दिला की निर्णय होत नाही. समुद्रातील संरक्षित क्षेत्रे ठरवणाऱ्या वेगळ्या आयोगातही एकमताचाच नियम आहे. रॉस समुद्रातील सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र २०१६ साली होऊ शकले. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र यांचे प्रस्ताव मात्र चीन आणि रशिया यांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे अडले आहेत. या प्रस्तावांना भारताने २०२१ साली पाठिंबा जाहीर केला. मे २०२४ मध्ये सल्लागार देशांची बैठक कोचीत भरली, तेव्हा वाढत्या पर्यटनाला नियमांची चौकट घालण्याचे काम तिथे सुरू झाले. आपण तिथे केवळ यजमान राहिलो नाही, याचे मला समाधान आहे. १९५६ च्या पत्रामागे जो विचार होता त्याच्याशी हे काम जुळणारे आहे.

गेल्या महिन्यात कामानिमित्त वास्कोला गेलो होतो, तेव्हा हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या बाहेर थोडा वेळ थांबलो. भारताच्या मोहिमांची तयारी याच इमारतीत होते. आपले मैत्री केंद्र नॉर्वेच्या दाव्यातल्या जमिनीवर आहे आणि २०१२ साली सुरू झालेले भारती केंद्र ऑस्ट्रेलियाच्या दाव्यातल्या. संसदेने २०२२ साली केलेला अंटार्क्टिका कायदा या दोन्ही ठिकाणी आपल्या माणसांना लागू आहे. एवढी वर्षे राहूनही त्या जमिनीवर आपला हक्क तयार होत नाही, आणि ज्यांच्या नकाशावर ती त्यांची आहे त्यांचा हक्क आपल्या राहण्याने कमी होत नाही.