बेळगाव, हुबळी का मडगाव? कोल्हापूर सोडायच्या आधीचा एक फेरा

प्रमोशन झालं म्हणून ऑफिसात पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी मेल आला, पोस्टिंगसाठी तीन ठिकाणं पसंतीक्रमानं भरून पाठवा, सगळी महाराष्ट्राबाहेरची, मुदत दहा दिवस. बेळगाव, हुबळी, मडगाव. नको म्हटलं तर प्रमोशनही नको म्हटल्यासारखंच.

घरात सांगितल्यावर जो तो आपापलं बोलायला लागला. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं शेड आहे, दोन मशीन आणि एक कामगार, ते म्हणाले बेळगावला उद्यमबाग आहे की, तिथं जॉबवर्क मिळंल. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, त्या म्हणाल्या बेळगावच, मराठी बोलत्यात. पोरगी आठवीत, शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर, ती म्हणाली गोवा. तिसरीतला बारका म्हणाला जिथं रेल्वे असंल तिथं. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी ठरवलं की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जोडून सुट्टी येतीय तर गाडी काढायची आणि तिन्ही गावं बघूनच यायची. (घरात मी आलो-गेलोच म्हणतो, आम्हा कोल्हापूरच्या बायकांचं तसंच असतंय, इथं लिहिताना आपलं आले-गेले करून घेते, कुठं चुकलं तर समजून घ्या.)

शुक्रवारी पहाटे निघालो तरी कागलपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनंच गेलो, सीझन जोरात होता. दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा टोलनाका आला आणि मोबाईलवर कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज पडला. आत्तींनी खिडकीतनं बघितलं, तोच ऊस, त्याच ट्रॉल्या. "हे कर्नाटक व्हय?" निपाणी गेली, तवंदीचा घाट गेला, साडेनऊला बेळगावात.

आधी उद्यमबागेत. सुट्टी असूनही दोनचार शेडं चालू होती. हे एका शेडात शिरले ते पाऊण तास बाहेरच आले नाहीत, मी आत जाऊन बघते तर शेडवाल्या मालकांबरोबर एका हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर बोट फिरवत फिनिश कसा आलाय ते बघत उभे. दोघांची भाषा मराठी पण खरं बोलणं मायक्रॉनमध्ये चाललेलं. काम मिळंल असं ते म्हणाले, फक्त इथं शेडाचं भाडं आणि पुन्हा नवीन वीज कनेक्शन म्हणजे सुरुवातीचा खड्डा मोठा.

दुपारी अनगोळला ह्यांच्या मामेबहिणीकडं जेवायला. तिथं आत्ती इतक्या खूश की जेवण झाल्यावर त्यांनी हॉलमध्येच ताणून दिली. वन्संनी मला मात्र स्वयंपाकघरात घेऊन खरं सांगितलं. म्हणाल्या, "बोलायला मराठी चालतंय वहिनी, अर्ज करायला गेलं की कन्नड लागतंय. पाट्या बघितलीस न्हवं?" बघितल्या होत्या. 2024 पासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा नियम आलाय, त्यामुळं मराठी माणसाच्या मराठी नावाच्या दुकानावरसुद्धा वर कन्नड मोठं आणि खाली बाकीचं बारीक. सीमावाद आपण लहानपणापासून पेपरात वाचतो, 1956 ची राज्य पुनर्रचना, 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 पासून सुप्रीम कोर्टातली केस, ते सगळं पाठ असतंय. पण ताण वाढला की दोन्हीकडच्या एसट्या बंद होतात आणि शनिवारी गावाला जायचं म्हणून भरलेली बॅग तशीच राहते, हे वन्संनी सांगितल्यावर मला पहिल्यांदा कळलं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मी तेव्हा बोलले नाही. जेवताना आमचं सगळं बोलणं शनिवार-रविवारचं चाललं होतं. हे म्हणाले शेड इकडं हलवायची घाई नको, मी सोमवार ते शुक्रवार कोल्हापुरातच राहतो, 110 किलोमीटर तर आहे. आत्ती म्हणाल्या मी सणाला कोल्हापुरातच असणार. पोरगी म्हणाली मी आजीबरोबर. बेळगावात मग कोण राहणार? मी आणि बारका?

कुंदा घेतला आणि संध्याकाळी हुबळीकडं सुटलो. वाटेत धारवाडला लाईन बाजारात पेढ्यासाठी थांबलो. माझे वडील देवल क्लबात गाणं ऐकायला जायचे, त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं की धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर हे अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडं शिकले, आधी मंजी खाँ आणि ते गेल्यावर भुर्जी खाँ, आणि हे भुर्जी खाँ म्हणजे आपल्या कोल्हापूरचे. हे मी गाडीत सांगितलं तर पोरगी म्हणाली, "मग?" बरोबर आहे, मग काय. पेढा मात्र आपल्यापेक्षा वेगळा, तपकिरी, वरनं साखर, आत्तींनी दोन खाल्ले आणि "खव्याला लई भाजलंय" असा शेरा मारला.

शनिवार सगळा हुबळीत. मी घाबरत होते ती भाषेला. बेळगावात निदान कानावर ओळखीचं पडत होतं, इथं सगळंच डोक्यावरनं. घरं बघायला विद्यानगर, केशवापूर आणि गोकुल रोड अशी तीन ठिकाणं ठरवली होती. गोकुल रोड म्हटल्यावर आत्तींचा चेहरा खुलला, त्यांना वाटलं आपल्या गोकुळ दुधाचं काहीतरी आहे. काही संबंध नाही हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

गोकुल रोडच्या आतल्या बाजूला एक घर होतं, खालचा मजला, पुढं नारळाचं झाड आणि दारात मोठी सिमेंटची टाकी. मालकीणबाई साठीच्या, कपाळाला विभूती, "बर्री, बर्री" करत बाहेर आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला कन्नड येत नव्हतं, घर दाखवायला आलेला मुलगा मध्ये पडून हिंदीतनं जुळवत होता, तो फोन आला म्हणून बाहेर गेला आणि नेमकं तेव्हाच पाण्याचं बोलणं निघालं. बाई टाकीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "नीर वारक्क ओम्मे." आत्तींनी लगेच पकडलं, नीर म्हणजे पाणी, वार म्हणजे वार! "अगं, वाराला येतंय म्हणत्यात, कुठल्या वाराला ते विचार." मग सोमवार का, मंगळवार का, असं बोटांवर मोजून विचारणं सुरू झालं, बाई प्रत्येक वाराला मान हलवायच्या आणि पुन्हा "वारक्क ओम्मे" म्हणायच्या. मुलगा परत आल्यावर उलगडा झाला, कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. आठवड्यातनं एकदा पाणी! ती एवढी मोठी टाकी का बांधलीय ते तेव्हा कळलं. गावात काही भागांत चोवीस तास पाणी आहे, ते बघून घर घ्यायचं, असं त्या मुलानंच प्रामाणिकपणे सांगितलं. भाडं बारा हजार आणि डिपॉझिट दहा महिन्यांचं, ते ऐकून हे खोकले. भाड्याऐवजी एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि सोडताना तेवढीच परत घ्यायची, अशी लीजची पद्धतही कर्नाटकात चालते, ती ह्यांना पटली, पण तेवढी रक्कम असती तर शेडात तिसरं मशीन नसतं का आलं.

निघताना बाईंनी आत्तींकडं बघून मला विचारलं, "अत्ती?" मी चमकले. सासूला त्यांच्यातही अत्तीच म्हणतात. अक्का, अण्णा तर आपल्याकडं घराघरात आहेत, पण आत्तीसुद्धा तिकडचीच असणार हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आत्तींनी मात्र ते मनावर घेतलं, गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "बाई बऱ्या हायत. पाण्याचं बघाय पाहिजे."

तिथनं पुढं दिवसभर आमचं सगळं बोलणं असंच, पाणी कुठल्या भागात येतंय, गॅसची बदली कशी करायची, बारक्याला कन्नड पहिल्यापासनं शिकावं लागणार (शाळा कुठल्याही बोर्डाची असली तरी कर्नाटकात कन्नड शिकवावंच लागतं, 2015 चा कायदा आहे), गाडीचा नंबर बदलायचा का. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, इथल्या आरटीओची एनओसी, तिथला टॅक्स, मग इथल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागत बसायचं. बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणारा, मिळू शकेल, माझ्या कंपनीची ऑफिसं चारपेक्षा जास्त राज्यांत आहेत. हे गप्प झाले. एमएच 09 जाणार याचं त्यांना पाण्यापेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसत होतं.

संध्याकाळी बारक्यासाठी स्टेशन. हुबळीचा प्लॅटफॉर्म 1507 मीटर लांब, जगात सगळ्यात लांब. हा पोरगा चालत सुटला, मी मागं, अर्ध्यात माझे पाय बोलायला लागले. एका टोकाला गाडी उभी होती तिचं इंजिन दुसऱ्या टोकाकडनं दिसंना. पोरानं विचारलं, आपल्या स्टेशनातनं पुढं गाडी का जात नाही? म्हटलं कोल्हापूरला रूळ संपतात. "इथं संपत नाहीत," तो म्हणाला आणि पुढं पळाला.

रात्री सावजी खानावळीत मटण खाल्लं. ह्यांनी रस्सा ओरपला, घाम पुसला आणि निकाल दिला, "तिखट हाय. पण पांढरा नाही." पांढरा रस्सा नाही म्हणून एखादं राज्य नाकारता येतं का हो?

रविवारी अनमोड घाटानं गोव्यात. रामनगरनंतर जंगल सुरू झालं आणि गाडीतली सगळी भांडणं थांबली, एवढंच त्या रस्त्याचं सांगते, कारण लक्ष माझं मडगावच्या भाड्यात होतं. आणि ते बरोबरच होतं. हुबळीत बारा हजारात अख्खा मजला, इथं बावीस हजारात दोन खोल्या आणि बाल्कनीतनं समोरच्यांची बाल्कनी. मार्केटात भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली म्हणाली बेळगावची आहे, ताजी आहे. म्हणजे भाजी बेळगावची आणि दर मडगावचा. पोरगीला फातोर्ड्याचं स्टेडियम बाहेरनंच बघायला मिळालं, गेटच्या जाळीला नाक लावून ती दहा मिनिटं उभी होती, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की जसा चेहरा होतो तसा. मला वाईट वाटलं. पण ह्यांच्या लेथला इथं कोण विचारणार, शिपयार्डं आहेत म्हणे, दोन मशीनवाल्याला तिथं आत कोण घेतंय.

रात्री लॉजवर पोरगीच्या शिक्षणाचं काढलं. हे मला आठवडाभर खात होतं. महाराष्ट्रात मेडिकलच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातनं लागते. कर्नाटकाच्या सीईटीला पहिली ते बारावीत सात वर्षं तिथं शिकलेलं दाखवावं लागतं, आमची नववीला गेली तर चारच भरतात. म्हणजे पोरगी इकडची ना तिकडची. इंजिनिअरिंगला आईबापाच्या डोमिसाईलवर महाराष्ट्राचं दार थोडं उघडं राहतं, पण डॉक्टर व्हायचं मनात आलं तर? ती कॉटवर आडवी पडून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आई, मला डॉक्टर व्हायचंच नाही, कितीवेळा सांगू, तू तुझं कारण माझ्यावर टाकू नको." मग उशीत तोंड घालून, "आणि मी एकटी आजीजवळ राहणार नाही. जायचं तर सगळे जाऊया."

सोमवारी बांद्यावरनं आंबोली चढलो, आजरा, गडहिंग्लज. आत्ती झोपल्या होत्या. गडहिंग्लजच्या पुढं संकेश्वर म्हणजे पुन्हा कर्नाटक, मग हायवेला लागून निपाणी, मग कागल. घरी जायचा आमचा रोजच्यासारखा रस्ता, त्यात एक राज्य मध्ये येऊन गेलं. निपाणीजवळ आत्ती जाग्या झाल्या, बाहेरची पाटी बघितली, कन्नड. "अजून हुबळीतच हाय व्हय आपण?" म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या.

घरी येऊन बॅगा तशाच ठेवल्या आणि फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यात हुबळी, दुसऱ्यात बेळगाव, तिसऱ्यात मडगाव. हे मागं उभं राहून बघत होते, म्हणाले, "बेळगाव जवळ पडलं असतं की." म्हटलं, तेच. जवळ पडलं असतं म्हणून तुम्ही इथंच राहिला असता. त्यावर ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळानं मोबाईलवर हुबळीच्या तारिहाळ इंडस्ट्रियल इस्टेटचा नकाशा मोठा करून बघत बसलेले दिसले. पोरगी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, मग हुबळीत मुलींची फुटबॉल टीम आहे का ते शोधून दे म्हणाली, ते काम अजून माझ्याकडं बाकी आहे.

ऑर्डर यायचीय. आत्तींनी मात्र कुणाला न विचारता दोन नवीन पिंपं आणून माळ्यावर ठेवलीत, झाकणाची, पन्नास लिटरची.