पिराच्या कुरोलीची वाट

देहूतून तुकोबारायांची पालखी निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी होते. तेथपर्यंत सारे सुखाचे असते. वैताग येतो तो पुढे, वाटेवरच्या मंडपांतून ध्वनिक्षेपकावर ‘सर्व संतांनी एकच सांगितले’ असे सांगणारी भाषणे सुरू झाल्यावर. पुणे, लोणी काळभोर, यवत, रोटी घाट, बारामती, सराटीचे नीरास्नान यांतले कोणत्या दिवशी काय झाले हे आता मला नीट सांगता येणार नाही. बोरगाव सोडल्यानंतरची दुपार मात्र तासातासाने आठवते.

उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता आणि तापलेल्या डांबरावर पाऊल टेकले की कळ थेट गुडघ्यापर्यंत जात होती. दिंडी पुढे गेली. मागच्या कुठल्या तरी दिंडीतले एक म्हातारबाबा थांबले, न विचारता त्यांनी मला बाभळीखाली बसवले आणि माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी संकोचून पाय मागे ओढू लागलो, तेव्हा “माउली, पाय सोडा ढिला, वारीत कुणाचाच पाय कुणाचा नसतो,” असे त्यांनी दरडावले. टोपीच्या घडीतून त्यांनी सुई काढली, काडेपेटीच्या जाळावर धरली, दोरा ओवला आणि तो फोडातून आरपार काढून दोन्ही टोके बाहेर ठेवली, म्हणजे पाणी झिरपत राहते आणि कातडे निघत नाही. हे चालले असताना ते तोंडाने गुणगुणत होते: ‘अल्ला देवे अल्ला दिलावे’. गाथ्यातली तुकोबांची ही हिंदी रचना मी वाचलेली होती. कोणाच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो, आणि तीही अगदी बेसूर.

बाबा श्रीगोंद्याकडचे होते. मुसलमान संतकवी शेख महंमदबाबा यांच्या ‘योगसंग्रामा’च्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या. 1645 साली पुरा झालेला हा अठरा प्रसंगांचा ग्रंथ माणसाच्या आतल्या लढाईचा आहे, आणि ढोंगी गुरूंना त्यात जे बोल लावले आहेत ते सांगताना बाबांना भलताच चेव आला. मध्येच त्यांनी तंबाखू मागितली. नाही म्हटल्यावर मलाच दोष दिला.

‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद’ ही ओळ मंडपांतल्या भाषणांतही हमखास येते, परंतु तेथे ती गुळगुळीत होऊन येते. आपण अविंध, म्हणजे मुसलमान, आहोत हे शेख महंमदांनी लपवले नाही, पुसले नाही आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. आधी ते सांगून टाकले आणि मग गोविंदाचा पत्ता दिला. कबीराने पंडित आणि काझी दोघांनाही झोडपले. चोखोबा तर देवालाच जाब विचारतात. ही सारी भांडखोर माणसे आहेत, आणि त्यांच्यातले साम्य शोधायचेच असेल तर ते मला या कडवटपणात अधिक दिसते. पाय बाबांच्या मांडीवर असताना हे सुचले, त्यामुळे त्यात ठणक्याचाही वाटा असेल.

पायाला फडके बांधून मी उठलो. माळखांबीनंतर टाळांचा आवाज पुन्हा कानी आला आणि उगाचच डोळे भरून आले. बाबा तोवर गर्दीत दिसेनासे झाले होते. त्यांच्या दिंडीचा क्रमांकही विचारायचा राहिला.

पिराच्या कुरोलीत रात्री कीर्तनाला ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हा चोखोबांचा अभंग घेतला होता. बुवांचा आवाज देखणा होता. पण अर्ध्या तासातच ते ‘सगळे एकच’ या वळणावर आले, तेव्हा मी कळशी घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मागच्या मावशी हरिपाठ पुटपुटत कोपराने मला बाजूला सारत होत्या. मीही त्याच चालीत पुढची ओवी म्हणत जागा सोडली नाही.