बारा मिनिटं गप्प

पुण्यात दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सर्व्हिस कंपनीत साडेतीन वर्षं काढल्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत जायचं ठरवलं. पहिल्या तीन ठिकाणी नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही, एचआरचा ठरावीक मेल तेवढा आला. शेवटी मैत्रिणीनं सराव म्हणून माझी मुलाखत घेतली आणि म्हणाली, “अगं, तू बारा मिनिटं गप्प होतीस. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते समोरच्याला कसं कळणार?”

मी विचार मराठीत करते. त्याचं इंग्रजी जुळवेपर्यंत तोंड बंदच राहायचं. मग दीड महिना रोज सकाळी कोडिंगचा एक प्रॉब्लेम मोठ्यानं बोलत सोडवला, आधी मराठीत, मग तोच इंग्रजीत. घरच्यांना सवय झाली.

चौथ्या कंपनीत दुसऱ्या राऊंडला एलआरयू कॅशे, म्हणजे पटकन हाताशी लागणाऱ्या नोंदींचा छोटा साठा, लिहायचा प्रश्न आला. जागा ठरावीक, ती भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली नोंद काढायची, आणि शोधणं-टाकणं दोन्ही ओ ऑफ वनमध्ये, म्हणजे नोंदी कितीही वाढल्या तरी वेळ वाढायला नको. मी बोलत गेले. हॅशमॅपमध्ये नोंद लगेच सापडते, पण कोणती कधी वापरली तो क्रम राहत नाही. लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंद (नोड) पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवते अशा साखळीत, क्रम राहतो, पण मधला नोड काढायचा तर आधीचा नोड शोधत सुरुवातीपासून यावं लागतं. इथं अडकले. “मागच्याचा पत्ता हाताशी असता तर...” एवढं तोंडातून निघालं आणि समोरचे सर म्हणाले, “मग ठेवा की!” पुढचा-मागचा दोन्ही पत्ते ठेवणारी डबली लिंक्ड लिस्ट! गप्प बसले असते तर ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. बाकीचे राऊंड, ऑफर, 90 दिवसांचा नोटीस पिरियड हे सगळं रीतसर पार पडलं.

नोकरीत एलआरयू कॅशे एकदाही लिहावी लागली नाही. दिवस जातो तो दुसऱ्यांचा कोड वाचण्यात. पहिल्याच ऑन-कॉलला, म्हणजे बिघाड झाला तर लगेच बघायच्या पाळीला, रात्री दोनला अलर्ट वाजला: ग्राहकाच्या ऑर्डरींचं पान उघडायला आठ सेकंद लागत होते. सीनियर दादांना फोन लावला. ते म्हणाले, “काय दिसतंय ते बोलत राहा, मी ऐकतोय.” डेटाबेस माहिती कशी शोधतोय ते दाखवणारं एक्सप्लेन चालवलं. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्यासाठीची सूची, होता, पण आधी तारीख आणि मग ग्राहक अशा क्रमानं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडची विचारणा, मात्र नुसत्या ग्राहकावर. आडनावांच्या क्रमानं लावलेल्या यादीत फक्त ‘सुनीता’ शोधायची तर पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते, तसंच डेटाबेस अख्खं टेबल वाचत होता. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये ‘कॉन्करंटली’ लावून ग्राहकावर नवा इंडेक्स केला, म्हणजे तो तयार होईस्तोवर नव्या ऑर्डरी अडत नाहीत. पावणेतीनला पान पुन्हा झटक्यात उघडायला लागलं.

आता मीही मुलाखती घेते. गेल्या आठवड्यात एक मुलगी स्क्रीनकडे बघत बराच वेळ गप्प होती. तिला म्हटलं, “मराठीत बोललीस तरी चालेल गं. मला ऐकायचंय.”