जुनं पेन चमकवून विकायचं की आहे तसं?

जुनी फाउंटन पेनं जमवता जमवता जागा संपते आणि मग आपोआप माणूस विकायला लागतो, माझंही तसंच झालं. पण विकायला लागलं की पेन बघायची नजर बदलते राव. आधी निब कशी लिहिते एवढंच बघायचो, आता आधी बॅरलवर, म्हणजे पेनच्या मागच्या नळीसारख्या अंगावर, कोरलेली अक्षरं बघतो.

कारण ती अक्षरं म्हणजे पेनचा जन्मदाखला. कंपनीचं नाव, कधी मॉडेल, कधी पेटंटची तारीख, सगळं अगदी उथळ कोरलेलं असतं. कोणी हौशीने मशीनवर बफिंग केलं की पेन आरशासारखं होतं पण अक्षरं गायब, ती परत येत नाहीत. त्यात पेन सेल्युलॉईडचं, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचं असेल तर घर्षणाची उष्णता धोक्याचीच, ते जाम पटकन पेट घेतं. म्हणून मी फक्त मऊ कपड्याने पुसतो आणि ओरखड्यांसकट फोटो टाकतो. गिऱ्हाईक नाक मुरडतं कधी कधी, मुरडू दे.

काळ्या इबोनाईटचं तर वेगळंच नाटक. हे म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, उजेड आणि ओलाव्याने वर्षानुवर्षांत ते तपकिरी, शेवाळी पडतं. काहीजण त्याला काळा रंग चढवून "मिंट कंडिशन" म्हणून विकतात! रंग लावायला माझी ना नाही, पण सांगा ना तसं. पेन जुनं आहे, सगळीकडे एकसारखं काळंभोर आहे आणि कोरलेलं नाव मात्र पुसट, असं दिसलं की मी तरी शंका घेतो. आणि इबोनाईटचं पेन धुवायचं म्हणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका, सकाळी रंग उडालेला असेल.

मग काहीच करायचं नाही का, तर तसं नाही. लिव्हरवाल्या, म्हणजे बाजूची दांडी उचलून शाई भरायच्या पेनातली रबरी सॅक (शाईची पिशवी) कालांतराने कडक होऊन बिस्किटासारखी चुरा होते, ती बदलावीच लागते. सेक्शन, म्हणजे निबेमागचा बोटांनी धरायचा भाग, हलक्या कोरड्या उष्णतेने सैल करायचा, जोर लावला तर बॅरल तडकलंच समजा. नवी सॅक चिकटवायला लाख, म्हणजे शेलॅक, कारण ती ऊब दिली की सुटते आणि पुढच्या माणसाला पेन उघडता येतं. तिथे सुपरग्लू वापरणाऱ्यांना काय म्हणावं, जाऊ दे. फिकट रंगाच्या सेल्युलॉईडमध्ये मी लेटेक्सची, म्हणजे रबराची सॅक टाळतो, त्यातून निघणाऱ्या वायूंनी बॅरल आतून काळपट होतं.

पहिलंच जुनं पेन घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा पार्कर ५१ सुचवतो. १९४१ ला बाजारात आलं, आणि १९४८ पासून त्यात जे दाबून भरायचं एरोमेट्रिक फिलर आलं त्याची सॅक रबराची नाही, प्लास्टिकची, त्यामुळे बरीच पेनं आजही नुसती पाण्याने धुतली की चालू होतात. फक्त निब झाकलेली असते म्हणून टोकाचा समोरून फोटो मागाच. शेफर स्नॉर्कल (१९५२) माझं लाडकं, निबेखालून नळी बाहेर येते आणि शाई ओढते, पण आत इतकी सीलं की नवख्याने नादी लागू नये.

टोकाचं एवढं का तर लोक "१४ कॅरेट" वाचून भुलतात. सोनं मऊ असतं, कागदावर घासतं ते पुढे जोडलेलं कडक मिश्रधातूचं टोक. ते झिजलं असेल तर उरतो तो दागिना. निबेवर कंपनीचं नाव नसून नुसतं "वॉरंटेड" असेल आणि पेन मात्र मोठ्या कंपनीचं, तर निब बहुतेक नंतर बसवलेली. टोपण एकाचं, बॅरल दुसऱ्याचं असंही सर्रास चालतं. लिहायला झकास असतात अशी पेनं, मी स्वतः वापरतो, पण विकताना ते लपवलं तर ती सरळ फसवणूक.

टोपणाच्या कडेला केसाएवढी चीर असते ती साध्या फोटोत दिसत नाही, दिव्यासमोर टोपण हळूहळू फिरवलेला छोटा व्हिडिओ मागा, विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. आणि पाठवताना पेन आधी पूर्ण रिकामं करून वाळवायचं, मग कडक नळीत, आत दोन्ही बाजूंनी कापूस, हलवून बघायचं, खडखड आली तर परत पॅक करायचं.