इलेव्हन प्लसची क्रियापदं आणि साताऱ्यातला ऑगस्ट

साताऱ्याच्या घरी फोन लावला की कुणी ना कुणी विचारतंच, "पोरगी अजून प्राथमिक शाळेत, मग तिची ही अकरावीची परीक्षा कसली?" म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. इलेव्हन प्लसचा आपल्या अकरावीशी काही संबंध नाही. इंग्लंडात ग्रामर स्कूल नावाच्या सरकारी, बिनफीच्या माध्यमिक शाळा आहेत. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या आसपास परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या शाळांत पाठवायची पद्धत रुळली. पुढे बहुतेक भागांनी ती सोडून दिली, १९९८मध्ये कायद्यानेच नवीन ग्रामर स्कूल काढायला बंदी घातली. आता तिथे अशा १६३ शाळा उरल्या आहेत. आम्ही राहतो त्या केंटमध्ये मात्र ही परीक्षा अजून घरोघरचा विषय असते. सप्टेंबरात परीक्षा, ऑक्टोबरात निकाल, ३१ ऑक्टोबरपर्यंत शाळांचा अर्ज, आणि कुठली शाळा मिळाली ते कळतं थेट १ मार्चला. पास झालं म्हणजे हवी ती शाळा मिळालीच असंही नाही.

गणित आणि इंग्रजी आहेच, पण मुलं खरी अडकतात ती व्हर्बल रीझनिंगला, म्हणजे शब्दांवरून तर्क लढवायच्या भागाला. त्यात एक ठरलेला प्रकार असतो: दोन कंस, प्रत्येकात तीन शब्द, दोन्हींतून एकेक असा उचलायचा की अर्थ जवळात जवळ यावा. एका कंसात समजा गेझ, ग्लान्स, ब्लिंक आणि दुसऱ्यात स्टेअर, आयब्रो, स्लीप. पाहण्याचे शब्द तीन दिसतात, पण जोडी गेझ आणि स्टेअर हीच. ग्लान्स म्हणजे ओझरती नजर टाकणं, आणि स्टेअर म्हणजे टक लावून बघणं. ज्या मुलाने 'ग्लान्स म्हणजे लुक, स्टेअर म्हणजे लुक' असं घोकलंय, ते इथे हमखास चकतं.

तिकडच्या शाळेला जुलैच्या अखेरीस सुट्टी लागते आणि सप्टेंबर उजाडताच परीक्षा येते. त्यामुळे साताऱ्याला येताना वह्यापुस्तकंही बॅगेतून आली. ऑगस्टचा तो पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. अजिंक्यतारा ढगात, अंगणात पाय ठेवायची सोय नाही, आणि माजघरातल्या टेबलाशी दोन मुलं. एक माझी लेक, दुसरा शेजारचा मुलगा, तिच्याच वयाचा. त्याची सैनिक स्कूलची तयारी चालू आहे. आपल्या साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ची, देशातली पहिली, त्यामुळे या गावातल्या मुलांच्या मनात तिची वेगळीच जागा असते. सहावीच्या प्रवेशाचा पेपर ३०० गुणांचा. त्यात भाषेचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि तो पेपर मराठीतूनही देता येतो.

दोघांच्या वह्या शेजारी ठेवून बघितल्या आणि मला त्यातली गंमत फार आवडली. त्याच्या समानार्थी शब्दांच्या वहीत पानंच्या पानं नामं. सूर्य, रवी, भास्कर, दिनकर. पाणी, जल, नीर, उदक. कमळ, पंकज, राजीव. हिच्या वहीत पानंच्या पानं क्रियापदं. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. पूर्वी पाठशाळेत मुलांकडून अमरकोश पाठ करून घेत, आणि त्याचं मूळ नावच नामलिंगानुशासन. तो नामांचा कोश आहे. नामाचं पाठांतर चालून जातं, कारण रवी म्हणा की भास्कर म्हणा, आभाळात सूर्य एकच असतो.

क्रियापदाचं तसं नाही. प्रत्येक क्रियापदामागे करणारा असतो, करायची रीत असते, जोर असतो, कशावर करायचं तेही ठरलेलं असतं. दोन क्रिया अगदी तंतोतंत एक क्वचितच असतात. म्हणून क्रियापदांच्या याद्या सूर्य-रवीसारख्या घोकून घेऊ नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे. इंग्लंडातले शिकवणीवाले मुलांना शेकडो शब्दांचे छापील कागद देतात, डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला एका शब्दात अर्थ. तो उजवीकडचा एक शब्दच घात करतो.

याचा पडताळा स्वयंपाकघरात आला. लेकीच्या यादीत सिफ्ट आणि विनो हे दोन शब्द एकाखाली एक होते आणि दोन्हींपुढे अर्थ लिहिला होता सेपरेट, म्हणजे वेगळं करणं. त्या दिवशी आई कुटासाठी दाणे भाजत होती. खरपूस वास सुटला, दाणे परातीत निवत ठेवले, मग दोन्ही तळव्यांत धरून चोळले. सालं सुटली. मग तिने सूप घेतलं आणि पडवीत जाऊन पाखडायला लागली. दाणे उडून परत सुपात, सालं वाऱ्याबरोबर बाहेर. लेक बघत राहिली. मी म्हटलं, हे बघ, हेच विनो. तिने लगेच विचारलं, "मग आजी, हे चाळणीने का नाही करत?"

आई म्हणाली, "चाळणीला वारा लागतो का गं? चाळणीत बारीक असेल ते खाली पडतं. इथं हलकं असेल ते उडून जातं. चाळणं वेगळं नि पाखडणं वेगळं."

इतकी नेमकी व्याख्या त्या छापील कागदावर नव्हती. मग आईने दाणे खलबत्त्यात घालून जाडसर कुटले, आणि पाउंड, क्रश, ग्राइंड हे तीन शब्दही तिथेच निकाली निघाले. कुटायला वरून घाव लागतो, दळायला दोन दगडांच्या मध्ये फिरवावं लागतं, चिरडायला नुसता दाब पुरतो. शेजारचा मुलगा तोवर बत्ता मागून कुटायलाही लागला होता.

पावसाने उघडीप दिली की आम्ही साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चढून जायचो. तिथे चालण्याची क्रियापदं झाली. सुरुवातीला दोघं ढांगा टाकत पुढे, ते स्ट्राइड. वाटेत रेंगाळत, इकडे तिकडे बघत, ते सॉन्टर. चिखल आला की एकेक जड पाऊल उचलत, ते ट्रज. शब्द आधी अंगाने करायचा, मग मराठीत म्हणायचा, मग इंग्रजीत. बोलण्याचेही तसेच: मटर म्हणजे पुटपुटणं, ग्रंबल म्हणजे कुरकुरणं, बोस्ट म्हणजे बढाई मारणं. ज्या मुलाला मराठीतला फरक कानाने माहीत आहे, त्याला इंग्रजीतला फरक नव्याने शिकावा लागत नाही, फक्त शब्द शिकावा लागतो. परदेशात 'घरी मराठी बोलू नका, मुलाचं इंग्रजी कच्चं राहील' असं सांगणारे आपलेच लोक भेटतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

एका जातीच्या जोड्या मात्र खुशाल पाठ कराव्यात. बिगिन आणि कमेन्स, हेल्प आणि असिस्ट, आस्क आणि इन्क्वायर. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली. मूळचे घरगुती शब्द तसेच राहिले आणि वर फ्रेंच-लॅटिनचे भारदस्त शब्द येऊन बसले. क्रिया तीच, थाट वेगळा. सुरू करणं आणि प्रारंभ करणं, मदत करणं आणि साहाय्य करणं, असंच आपल्याकडे आहे की. शेजारच्या मुलाने हे लगेच ओळखलं, त्याने स्वतःहून विचारणं आणि पृच्छा करणं ही जोडी सांगितली.

जोर किती, हाही एक प्रश्न असतो. अनॉय आणि इन्फ्युरिएट दोन्ही राग आणण्याचेच, पण एकात चीड येते, दुसऱ्यात माणूस संतापाने लाल होतो. असे शब्द आम्ही चढत्या क्रमाने एका ओळीत लिहितो. पर्यायांत दोन्ही आले तर ज्याचा जोर दिलेल्या शब्दाच्या जवळचा, तो निवडायचा.

यातलं काहीच उपयोगी पडत नाही असा एक प्रकार उरतो, तो म्हणजे दोन अर्थांचे शब्द. रिफ्यूज हे क्रियापद म्हणून नाकारणं, आणि त्याच स्पेलिंगचा रेफ्यूस म्हणजे कचरा, आघात पहिल्या अक्षरावर. बॅटर म्हणजे बडवणं आणि बॅटर म्हणजे भज्यांचं सरसरीत पीठही. वेदर म्हणजे हवामान, आणि संकटातून तरून निघणं हेही वेदरच. याला वाचनाखेरीज इलाज नाही. रोज रात्री अर्धा तास मोठ्याने वाचायचं, आणि ओळखीचा शब्द अनोळखी जागी दिसला की थांबायचं. परत आल्यावर आमचं तेच चालू आहे. शेजारच्या मुलासाठी आम्ही येताना साताऱ्याच्या घरी एक कोरी वही ठेवून आलो, फक्त क्रियापदांची. त्यात आई बोलता बोलता आठवेल तसे शब्द घालते: निथळणं, पिंजणं, उसवणं, सांडणं. फोनवर ती शब्द सांगते, आणि दोघं आपापल्या टेबलाशी बसून ते लिहून घेतात.