म्हशीचा शॉट: रेषा मोकळी ठेवायची की बंद करायची?

मी हाताने काढत असलेल्या ॲनिमेशनमध्ये तुटक रेषेतून रंग बाहेर सांडण्याची अडचण अखेर सुटली! पण त्यातून नवा पेच उभा राहिलाय, म्हणून लगेच लिहितेय.

6बी या मऊ पेन्सिलची खरबरीत रेषा मला सोडायची नव्हती आणि तिच्या फटींमधून बकेट टूलचा (संगणकावर बंद आकारात एका क्लिकने रंग भरणारं साधन) रंग सगळ्या फ्रेमभर पसरत होता. ओपनटून्झ या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमधला ऑटोक्लोज फट बुजवतो, पण सरळ रेघ मारून. उधळलेल्या म्हशीची पाठ त्याने पत्र्यासारखी ताठ होते. आता प्रत्येक चित्रावर दुसरा कागद पेग बारला (कागद एकावर एक नेमके बसवणारी खुंट्यांची पट्टी) लावून फक्त रंगाची हद्द आखते, अगदी बारीक आणि पूर्ण बंद. रंग त्या हद्दीत भरायचा, मग हद्द पुसायची आणि वर मूळ रेषेचा लेयर मल्टिप्लायमध्ये, म्हणजे खालचा रंग दिसत राहील असा, ठेवायचा. 1999च्या ‘माय नेबर्स द यामादाज’ या चित्रपटासाठी जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या चमूनेही रेषेचं आणि रंगाच्या हद्दीचं चित्र वेगवेगळं काढलं होतं. काम दुप्पट होतं. सहा सेकंदांचा शॉट टूजवर (सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम) म्हणजे 72 चित्रं, त्याचे झाले 144 कागद. पण पोटाखाली रंग रेषेच्या जरा अलीकडेच थांबतो, तिथे कागदाचा पांढरा दिसतो आणि भिजलेल्या काळ्या अंगावर पाणी चमकल्यासारखं वाटतं. ती फ्रेम मी पुन्हा पुन्हा बघतेय.

(कागद 100 जीएसएमचाच घ्या. झेरॉक्सचा 70चा लाइट बॉक्सवर छान दिसतो, पण खोडरबर दोनदा फिरला की सुरकुततो आणि स्कॅनमध्ये रेषा विनाकारण थरथरते.)

आता पेच. आपल्या गटात ऑटोक्लोजवाला आणि हा नवा, दोन्ही शॉट दाखवले. मतं सरळ दुभंगली. निम्म्यांना बंद रेषेची म्हैस “नीट पूर्ण झालेली” वाटली, मोकळी रेषा “अजून कच्ची”. मागच्या बैठकीत ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ पाहिल्यावरही हेच शब्द आले होते. 2013चा ताकाहातांचा हा शेवटचा चित्रपट, 137 मिनिटांचा. कोणाला कडेचा कोरा कागद म्हणजे सोडून दिलेलं काम वाटलं, कोणाला गोष्ट फार संथ वाटली. आमच्यातले जलरंगवाले काका मात्र त्याचे कला दिग्दर्शक काझुओ ओगांच्या पार्श्वभूमीवरून नजर हटवायला तयार नव्हते. कोरा भाग हाच त्यांना उजेड वाटत होता. मी काकांच्या बाजूची आहे आणि राहणार. ओसामू तानाबेंनी रचलेली त्यातली पात्रं घोटीव रेषेत काढली असती, तर बाळ कागुया रांगताना तिच्या अंगाचा जो मऊपणा जाणवतो, तो राहिला नसता.

पण एक गोष्ट तेव्हा माझ्या नजरेतून सुटली नाही. कागुया मेजवानीतून पळत सुटते, दारं फोडत, अंगावरची वस्त्रं एकेक टाकत, त्या प्रसंगात सगळे गप्प होते. संथ म्हणणारेसुद्धा. शिन्जी हाशिमोतोंचं हे ॲनिमेशन अख्ख्या चित्रपटात सर्वांत रांगडं आहे. चेहरा नुसत्या फराट्यांचा उरतो, तरी “कच्चं” हा शब्द कोणी काढला नाही. कारण त्याआधी कितीतरी वेळ रेषा शांत आणि रंग फिका असतो. आपल्याला तिची स्थिर रेषा ओळखीची झालेली असते, म्हणून ती फुटते तेव्हा तिचा संताप थेट पोचतो. माझी म्हैस तर पहिल्याच फ्रेमपासून उधळलेली आहे. तिची शांत रेषा बघणाऱ्याने पाहिलेलीच नाही!

हे लिहिता लिहिताच ठरतंय: आधी एक नवा शॉट हवा. म्हैस पावसात उभी, रवंथ करतेय, फक्त कान हलतोय. एचबी पेन्सिलची बारीक रेषा, जवळजवळ बंद, खाचराचा हिरवा अगदी पातळ. शरीर एकाच चित्रावर होल्ड (स्थिर), कान आणि जबडा वेगळ्या लेव्हलवर (थरावर), म्हणजे चित्रं फार लागणार नाहीत. मग वीज कडाडते आणि 6बी सुरू. विजेची पांढरी फ्रेम मात्र काढून टाकतेय. रेषा बदलली की धक्का आपोआप बसायला हवा.

या महिन्यात रंगवायची ठरवलेली पुलाची पार्श्वभूमी त्यामुळे पुढे ढकलली. एकच शंका आहे: होल्ड केलेलं शरीर हलत्या कानाशेजारी मेल्यासारखं दिसेल का? की तेच चित्र तीनदा गिरवून आलटून पालटून फिरवू? ज्यांनी एचबीत असं केलंय त्यांनी रेषा किती थरथरते ते सांगा, शक्य असेल तर पेन्सिल टेस्टच (रंगाआधी नुसती रेखाचित्रं चालवून पाहिलेली चाचणी) पाठवा.